दंडावरची काळी पट्टी आणि स्टँडमधली शिवी

भाची अमेरिकेत शिकते. परवा तिचा मेसेज आला : "मामा, मॉर्मन म्हणजे नक्की कोण? मॅचला आमच्या स्टँडमधली पोरं त्यांच्या नावाने घाण घोषणा देत होती. सगळे हसत होते, मीही हसले. रूमवर आल्यावर कसंतरी वाटलं." तिला उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं. म्हणून इथेच टाकतोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

युटा राज्यात प्रोव्हो नावाच्या गावी ब्रिगहम यंग विद्यापीठ आहे, मॉर्मन चर्चच्या मालकीचं. दारू नाही, सिगारेट नाही, कॉफी नाही, आपला चहासुद्धा नाही. रविवारी सामना खेळणार नाहीत म्हणजे नाहीत. अशा पोरांची टिंगल करायला समोरच्या प्रेक्षकांना फार डोकं लागत नाही. पण प्रकार टिंगलीवर थांबत नाही. 2021 मध्ये लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्टँडमधून मॉर्मनांच्या नावाने ती चार अक्षरी इंग्रजी शिवी सामूहिक सुरात दिली गेली. 17 सप्टेंबर 2022 ला ओरेगनमध्ये तेच. फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅरिझोनात बास्केटबॉलच्या सामन्यात तेच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कोलोरॅडोत. दर वेळी विद्यापीठाने माफी मागितली. कोलोरॅडोला तर बिग ट्वेल्व्ह या स्पर्धा-मंडळाने 50,000 डॉलर दंड केला. तरी पुढच्या गावी घोषणा तयारच.

शिवी देणाऱ्या पोराला ती गंमत वाटते. ज्याला बसते त्याच्या घरात आठवणी वेगळ्या आहेत. 1838 मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा, असा लेखी हुकूम काढला होता. तो अधिकृतपणे रद्द झाला 1976 साली! त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ 1844 मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात असताना जमावाने आत घुसून त्याला गोळ्या घातल्या. उरलेले लोक पश्चिमेला युटाच्या ओसाड खोऱ्यात गेले, तेव्हा कुठे टिकले.

एवढं सांगून झाल्यावर भाचीचा पुढचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच : "मग धर्माबद्दल काही बोलायचंच नाही का?"

याचं उत्तर वायोमिंगमध्ये आहे. त्या काळी मॉर्मन चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला पुरोहितपद मिळत नसे. इतर जवळपास प्रत्येक पुरुषाला मिळे, याला मात्र रंगावरून नाही. 1968 मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या काही कृष्णवर्णीय धावपटूंनी या कारणासाठी ब्रिगहम यंगविरुद्ध उतरायला नकार दिला आणि शिष्यवृत्ती गमावली. त्यांच्यातला एक बॉब बीमन. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 8.90 मीटर उडी मारणारा तो हाच.

पुढच्या वर्षी वायोमिंग विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जोरात होता, चारपैकी चार सामने जिंकलेले. 18 ऑक्टोबर 1969 ला घरच्या मैदानावर ब्रिगहम यंगशी सामना. आदल्या वर्षी प्रोव्होत आपल्याला रंगावरून शिव्या मिळाल्या, असं संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचं म्हणणं होतं. म्हणून आदल्या दिवशी चौदा जण साध्या कपड्यांवर, दंडाला काळी पट्टी बांधून, प्रशिक्षक लॉइड ईटन यांना भेटायला गेले. सामन्यात काही करता येईल का, एवढं विचारायला. घोषणा नाही, शिवी नाही. ईटननी काही मिनिटांत चौदाही जणांना संघातून काढलं. खेळाडूंनी निदर्शनं करायची नाहीत, हा त्यांचा नियम.

दुसऱ्या दिवशी फक्त गोऱ्या खेळाडूंचा संघ उतरला आणि 40–7 ने जिंकला. प्रेक्षक ईटनवर खूश! पण मोसमातले शेवटचे चार सामने संघ हरला. पुढच्या वर्षी दहापैकी एकच जिंकला आणि ईटनचंही पद गेलं.

आणि कोर्ट? त्याच 1969 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने व्हिएतनाम युद्धाच्या निषेधासाठी शाळेत काळी पट्टी बांधायचा मुलांचा हक्क मान्य केला होता. चौदा जण तरी हरले. 1972 मध्ये अपील न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की सरकारी विद्यापीठाने दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखायचा, त्यामुळे विश्वस्तांनी पट्टी नाकारली ते योग्यच. म्हणजे बघा, धार्मिक सहिष्णुतेचं कलम लागलं ते गप्प उभं राहू पाहणाऱ्यांना. मला हा निकाल आजही पटत नाही. त्या पट्टीचा रोख चर्चच्या एका नियमावर होता, समोरच्या संघातल्या कुणा पोराच्या आईबापांवर नव्हता. ओरेगनच्या घोषणेत नियमबियम काही नव्हता, फक्त माणसं होती. आणि त्या घोषणेपायी, त्या चौदा जणांनी गमावलं तसं, कुणी काही गमावल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

(ब्रिगहम यंगचे प्रेक्षक संत आहेत असंही नाही म्हणत. ओरेगनच्या तीनच आठवडे आधी त्यांच्या मैदानावर ड्यूकच्या एका व्हॉलीबॉलपटूने वंशावरून शिवी ऐकू आल्याची तक्रार केली होती. विद्यापीठाने एका प्रेक्षकावर बंदी घातली, चौकशीत पुरावा सापडला नाही म्हणून ती उठवली. ड्यूक आपल्या खेळाडूंच्या मागे उभं राहिलं.)

चर्चने तो नियम जून 1978 मध्ये काढून टाकला. वायोमिंग विद्यापीठाने चौदा जणांची लेखी माफी मागितली 2019 साली, तब्बल 50 वर्षांनी. तोवर त्यांतले काही जण हयात नव्हते. पुढच्या वर्षी, कोविडच्या दिवसांत, राहिलेल्यांनी गरजूंसाठी धान्य वाटायचं काढलं. ट्रक भरून धान्य पाठवलं ते याच मॉर्मन चर्चने.

भाचीला एवढं सगळं पाठवलं. तिचा उलटा मेसेज आला : "पुढच्या महिन्यात परत त्यांच्याशीच मॅच आहे. तिकीट काढलंय. घोषणा सुरू झाली की काय करायचं, ते अजून ठरलं नाहीये."