पॉल, अखिलेश

नागपूरचे फुटबॉलपटू आणि युवा प्रशिक्षक. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे २०१० साली भरलेल्या होमलेस वर्ल्ड कप या स्पर्धेत ते भारतीय संघाचे कर्णधार होते. पुढे नागपूरच्याच ‘स्लम सॉकर’ या संस्थेत त्यांनी वस्त्यांतल्या मुलांना फुटबॉल शिकवण्याचे काम पत्करले. त्यांचे नाव लीगमधल्या गोलसंख्येमुळे किंवा एखाद्या बड्या क्लबशी झालेल्या करारामुळे लोकांपुढे आलेले नाही. खेळाडू म्हणून मिळालेली एक स्पर्धा आणि त्यानंतरचे प्रशिक्षण एवढाच या कारकिर्दीचा ऐवज आहे, आणि त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे.

नागपूरला फुटबॉल नवा नव्हता. शेजारच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची, आणि छावणीच्या आसऱ्याने हा खेळही इथे रुजला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब अशा संघांनी या भागात खेळाची मुळे घट्ट केली. मात्र क्लबचा फुटबॉल खेळायला बूट लागतात, जर्सी लागते, सरावाला ठरल्या वेळी जाण्याइतकी सवड लागते. वस्तीतल्या पोट्ट्यांपाशी यातले काहीच नव्हते. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ च्या पावसाळ्यात हे पाहायला मिळाले. सर आडोशाला झाडाखाली थांबले होते आणि समोर काही मुले फुटकी बादली लाथाडत चिखलात रंगून गेली होती. मुले जोवर खेळात आहेत तोवर ती वाईट गोष्टींपासून लांब आहेत, हे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी त्यांनी झोपडपट्ट्यांतील संघांसाठी स्पर्धा भरवली. तिला १२८ संघ आल्याचे बारसे सांगतात. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या नावाने सुरू झालेल्या या उपक्रमाला क्रीडा विकास संस्थेचा आधार मिळाला आणि तो पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून बारसे यांनी शहराबाहेर जमीन घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून या कामात उतरला.

पॉल या प्रवाहात आले तेव्हा ते आडवाटेला लागलेले होते. व्यसन आणि गुन्हेगारी यांत आपली कोवळी वर्षे गेली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. फुटबॉलमुळे एका रात्रीत माणूस पालटला अशी गोष्ट सांगायला सोपी, पण ती खरी नसते. रोज ठरल्या वेळी मैदानावर पोचायचे तर आदली रात्र शुद्धीत जावी लागते, आणि संघात टिकायचे तर दुसऱ्याला पास द्यावा लागतो. पालट होतो तो अशा बारीकसारीक सक्तीतून.

होमलेस वर्ल्ड कप २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाला. बेघर आणि समाजाच्या कडेला ढकललेल्या लोकांसाठीची ही स्पर्धा अकरा जणांच्या फुटबॉलपेक्षा फार निराळी आहे. मैदान जेमतेम २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका बाजूला चार खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदानाला कठडा असतो, त्यावर आपटून आलेला चेंडू खेळात धरला जातो. गोलरक्षकाने आपला चौक सोडायचा नाही आणि इतर कोणी त्यात शिरायचे नाही. त्यामुळे चेंडू अडवून वेळ काढण्याचा डाव इथे चालत नाही, गोल भराभर होतात. गल्लीत भिंतीवर चेंडू आपटून खेळलेल्या मुलाला हे मैदान परके वाटू नये. रिओमध्ये ही मैदाने कोपाकबानाच्या किनाऱ्यावर उभारली होती.

या स्पर्धेचा एक नियम पॉल यांच्या कारकिर्दीची दिशा ठरवून गेला. खेळाडूला आयुष्यात एकदाच या विश्वचषकात उतरता येते. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कोणाला मिळावी, हा त्यामागचा विचार. इतर खेळाडू वय झाल्यावर किंवा दुखापतीमुळे निवृत्त होतात. इथे भरात असताना, देशाची जर्सी एकदा अंगावर चढली की ती दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. घरी परतलेल्या खेळाडूपुढे तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो, कारण विमानातून उतरून तो त्याच वस्तीत पाऊल ठेवतो. जुने मित्रही तिथेच असतात आणि जुनी वाटही. अशा खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मैदानावर पुन्हा उभे करायचे, ही स्लम सॉकरची रीत आहे आणि या संस्थेने केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. होमकांत सुरंदसे यांच्यासारखे आणखी काही खेळाडूही याच मार्गाने प्रशिक्षक झाले.

प्रशिक्षक म्हणून पॉल ज्या परंपरेत उभे राहिले तिचा गाभा केवळ ड्रिबलिंग आणि नेमबाजीचा नाही. ‘एज्युकिक’ या उपक्रमात खेळातूनच गणित, आरोग्य अशा विषयांची ओळख करून दिली जाते. जगभरच्या अशा संस्थांत रूढ झालेली ‘फुटबॉल थ्री’ ही पद्धतही इथे महत्त्वाची. तिचे मूळ कोलंबियातील मेडेजिन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यावर काही दिवसांतच आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा तिथे खून झाला. त्यानंतर हिंसेने पोखरलेल्या वस्त्यांत तरुणांना मैदानावर आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग रेफरीशिवाय खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून कोण किती सचोटीने खेळले याचे गुण देतात. फाऊल झाला की तो ज्याचा त्याने कबूल करायचा. बाहेरून आलेल्या शिक्षकाने सचोटीवर कितीही सांगितले तरी वस्तीतला मुलगा त्याला जोखत राहतो. स्वतः पोलिसांना चुकवलेल्या माणसाने तेच सांगितले की ऐकण्यात फरक पडतो. पॉल यांची प्रशिक्षक म्हणून खरी पात्रता हीच.

आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेचे तिसरे पर्व ५ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. त्याचा पहिलाच भाग खेळावर होता आणि त्यातून पॉल यांची कहाणी देशभर पोचली. २०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यात बारसे यांच्यावर बेतलेली विजय बोराडे ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. पॉल यांच्या आयुष्याशी नाते सांगणारा डॉन हा तरुण नागपूरच्याच अंकुश गेडाम यांनी उभा केला आणि त्यासाठी त्यांना पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपट मुले विश्वचषकाला निघतात तिथे, विमानतळावर थांबतो. परतल्यावर शिटी गळ्यात अडकवून दुसऱ्यांच्या मुलांमागे घालवलेली वर्षे त्यात आलेली नाहीत. ती कोणीतरी सविस्तर नोंदवायला हवीत.