न्यूझीलंड : एक करार, दोन भाषा

इंग्रजी आली की इंग्रजी बोलणारा देश कळला, असा समज आपल्याकडे रूढ आहे. न्यूझीलंडच्या बाबतीत तो पहिल्याच पावलावर अडखळतो. तेथील स्वागताचा शब्द ‘किआ ओरा’ हा आहे. राष्ट्रगीताचे पहिले कडवे माओरी भाषेत गायले जाते आणि पारपत्रावर देशाचे ‘आओतेअरोआ’ हे माओरी नावही छापलेले असते. दैनंदिन व्यवहार इंग्रजीत चालत असला, तरी या देशाचा अभिमान आणि त्याचे वाद या दोहोंची मुळे दुसऱ्याच भाषेत आहेत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा पर्यटनासाठी तिकडे जाणाऱ्याने ती जाणून घेणे अगत्याचे ठरते.

दूरची भूमी

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस, टास्मन समुद्रापलीकडे उत्तर बेट आणि दक्षिण बेट अशी दोन मोठी बेटे आहेत. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी. लोकसंख्या मात्र सुमारे ५३ लाख, मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. त्यातील सुमारे एकतृतीयांश लोक एकट्या ऑकलंड परिसरात राहतात. राजधानीचा मान १८६५ पासून वेलिंग्टनकडे आहे. दक्षिण बेटावरील आओराकी अथवा माउंट कुक हे ३,७२४ मीटर उंचीचे शिखर देशातील सर्वोच्च होय. एडमंड हिलरी यांनी याच पर्वतराजीत गिर्यारोहणाचे धडे गिरवले आणि १९५३ मध्ये तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. पुढे १९८५ ते १९८९ या काळात ते भारतातील न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते.

ही भूमी देखणी असली तरी स्थिर नाही. १९३१ च्या भूकंपाने नेपियर शहर उद्ध्वस्त केले, तर २२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ जणांचा बळी गेला.

दोन मसुद्यांचा करार

माओरी लोक पॉलिनेशियातून होड्यांनी आले ते साधारणपणे तेराव्या शतकात. १६४२ मध्ये डच दर्यावर्दी आबेल टास्मन या किनाऱ्याजवळ पोचला. नेदरलँड्समधील झीलंड या प्रांतावरून देशाला आजचे नाव मिळाले. १७६९ मध्ये जेम्स कुकने किनाऱ्याचा नकाशा तयार करण्यास आरंभ केला. त्यामागोमाग देवमाशांचे शिकारी, व्यापारी, मिशनरी आणि वसाहतवाले आले.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वायटांगी येथे ब्रिटिश राजसत्तेचे प्रतिनिधी कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि सुमारे चाळीस माओरी सरदार यांनी एका करारावर सह्या केल्या. पुढील काही महिन्यांत सही करणाऱ्या सरदारांची संख्या पाचशेवर गेली. करारात अवघी तीन कलमे होती. परंतु त्याचे मसुदे दोन होते. हेन्री विल्यम्स हे मिशनरी आणि त्यांचा मुलगा यांनी इंग्रजी मसुद्याचे माओरी भाषांतर एका रात्रीत केले होते, आणि बहुतेक सरदारांनी सही केली ती या माओरी प्रतीवर.

वादाचे बीज येथेच पडले. इंग्रजी मसुद्याच्या पहिल्या कलमानुसार सरदारांनी सार्वभौमत्व राणीच्या स्वाधीन केले. माओरी प्रतीत मात्र ‘कावानातांगा’ हा शब्द होता. गव्हर्नर या इंग्रजी शब्दावरून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ राज्यकारभार असा होतो. दुसऱ्या कलमात तर आपल्या जमिनी, गावे आणि सर्व मौल्यवान ठेव्यांवरील ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारकीचा पूर्ण अधिकार, माओरींकडेच राहील असे वचन होते. कारभार पाहण्याची मुभा दिली, मालकी दिली नाही, असे सरदारांना वाटले. देश मिळाला, असे इंग्रजांनी मानले. एका शब्दाच्या भाषांतराची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली.

जमीन गेली, भाषा आटली

जमिनीवरून १८४५ ते १८७२ या काळात अनेक युद्धे झाली. १८६३ च्या कायद्याने ‘बंडखोर’ ठरवलेल्या माओरी टोळ्यांच्या जमिनी सरकारजमा करण्याची वाट मोकळी झाली आणि वायकाटोसारख्या सुपीक प्रदेशातील विस्तीर्ण जमिनी हातच्या गेल्या. १८७७ मध्ये एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा करारच कायद्याच्या दृष्टीने शून्यवत ठरवला.

याच काळात हा देश लोकशाहीची नवी वाट चोखाळत होता, हे विशेष. माओरींसाठी १८६७ मध्ये संसदेत राखीव मतदारसंघ निर्माण झाले. केट शेपर्ड यांच्या नेतृत्वाखालील चळवळीला यश येऊन १८९३ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क देणारा न्यूझीलंड हा जगातील पहिला स्वशासित देश ठरला. हा हक्क माओरी स्त्रियांनाही मिळाला.

भाषेच्या वाट्याला मात्र हे औदार्य आले नाही. १८६७ च्याच शाळाविषयक कायद्याने माओरी मुलांचे शिक्षण इंग्रजीतून करण्याचे धोरण रुजवले. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्याच्या आठवणी अनेक वृद्धांनी पुढे सांगितल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबे कामधंद्यासाठी शहरांत आली. मुलांच्या भवितव्याचा विचार करून आईवडील घरातही इंग्रजी बोलू लागले. १९७० च्या दशकापर्यंत ही भाषा मुख्यतः आजी-आजोबांच्या तोंडी उरली.

भाषेची घरटी

१९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला सादर झाले. शाळांमधून माओरी भाषा शिकवावी, ही त्यातील मागणी होती. १९७५ मध्ये ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत जमीनहक्कांसाठी पदयात्रा निघाली. त्याच वर्षी करारभंगाच्या तक्रारी ऐकण्यासाठी वायटांगी न्यायाधिकरणाची स्थापना झाली. १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याला १९८५ मध्ये मिळाला.

१९८२ मध्ये सुरू झालेला ‘कोहांगा रेओ’ हा उपक्रम सर्वांत फलदायी ठरला. या शब्दांचा अर्थ भाषेचे घरटे. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाची मुले दिवसभर माओरी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहवासात वाढतील, ही त्यामागील साधी कल्पना. मधली पिढी भाषेला मुकली होती. म्हणून आजी-आजोबांना थेट नातवंडांशी जोडण्यात आले. त्यातून माओरी माध्यमाच्या शाळा निघाल्या. भाषा हाही करारात अभिवचन दिलेला मौल्यवान ठेवा आहे, असा निर्वाळा न्यायाधिकरणाने १९८६ मध्ये दिला आणि १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. २००४ मध्ये माओरी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली.

समाजाचे मन मात्र कायद्याइतक्या लवकर बदलले नाही. १९९९ च्या रग्बी विश्वचषकात गायिका हिनेवेही मोही यांनी राष्ट्रगीत फक्त माओरीत गायले, तेव्हा मायदेशी टीकेची झोड उठली. त्या वादानंतरच दोन्ही भाषांत राष्ट्रगीत गाण्याची प्रथा रूढ झाली. २०२३ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख १४ हजार लोक माओरीत रोजचे संभाषण करू शकतात. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण चार टक्क्यांच्या थोडे वर आहे. भाषा वाचली, पण ती निर्धोक झाली असे म्हणता येत नाही.

रीतिरिवाज

माओरी रीतीत परिचय देताना माणूस आधी आपला डोंगर आणि आपली नदी सांगतो, मग कुळ आणि शेवटी स्वतःचे नाव. या परिचयाला ‘पेपेहा’ म्हणतात. ‘होंगी’ म्हणजे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून केलेले अभिवादन. ‘मराए’ या सभास्थानी पाहुण्यांचे विधिपूर्वक स्वागत होते. तेथील सभागृहात पादत्राणे काढूनच शिरावे लागते. जेथे अन्न ठेवले जाते त्या टेबलावर बसणे असभ्य समजले जाते. त्यामागे ‘तापू’ ही पावित्र्याची कल्पना आहे; सोवळे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ती समजण्यास जड जाऊ नये. ‘माटारिकी’ म्हणजे आपले कृत्तिका नक्षत्र. तेथील ऐन हिवाळ्यात ते पहाटे पुन्हा दिसू लागते, तेव्हा माओरी नववर्ष सुरू होते. २०२२ पासून या सणाला सार्वजनिक सुटी असते. नदीलाही येथे पूर्वज मानतात. २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला.

भारतीयांचे स्थान

२०२३ च्या जनगणनेत भारतीय वंशाच्या रहिवाशांची संख्या सुमारे २ लाख ९२ हजार भरली. युरोपीय आणि माओरी यांच्यानंतरचा हा सर्वांत मोठा वांशिक गट होय. २००६ ते २०११ या काळात गव्हर्नर जनरल असलेले आनंद सत्यानंद हे फिजीतून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातील. फिरकी गोलंदाज एजाज पटेल मुंबईत जन्मला आणि बालपणी न्यूझीलंडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने वानखेडे मैदानावर भारताच्या एका डावातील दहाही बळी घेतले.

वाद संपलेला नाही

१९९५ मध्ये वायकाटोच्या टोळ्यांशी झालेल्या तडजोडीत १७ कोटी डॉलर मूल्याची भरपाई देण्यात आली आणि राजसत्तेने माफी मागितली. त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः सही केली. पुढे इतर टोळ्यांशीही अशा तडजोडी झाल्या. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करणारे विधेयक संसदेत आले आणि वातावरण पुन्हा तापले. तरुण माओरी खासदार हाना-राफिती माइपी-क्लार्क यांनी विधेयकाची प्रत फाडून सभागृहातच ‘हाका’ हे आव्हाननृत्य सुरू केले. काही दिवसांतच हजारोंचा मोर्चा वेलिंग्टनला धडकला. १० एप्रिल २०२५ रोजी ११२ विरुद्ध ११ मतांनी हे विधेयक फेटाळले गेले.

दरवर्षी ६ फेब्रुवारीला, ‘वायटांगी दिनी’, करार जेथे झाला त्याच भूमीवर राजकीय नेते आणि माओरी प्रतिनिधी एकत्र येतात. तेथे स्वागताची भाषणे होतात, तशीच सत्ताधाऱ्यांना तोंडावर जाबही विचारला जातो. हा जाब आजही १८४० च्या त्याच दोन मसुद्यांच्या आधारे विचारला जातो.