पाळी सुटली की

तारीख 18 जुलै 1978, मंगळवार. इचलकरंजीत दिवसपाळी नुकतीच सुटलीय. तुम्ही गल्लीतून चालताय आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमधून मागांची खाडखाड अंगावर येतेय. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथं पहिला यंत्रमाग बसवला. पाऊणशे वर्षांत माग थेट माजघरापर्यंत पोचलेत. मजुरी कापडाच्या मीटरवर. त्यामुळं माग थांबवून निवांत जेवणं कुणाला परवडत नाही. धड जेवायचं ते पाळी सुटल्यावर, खानावळीत.

चपला बाहेर काढा, आत बसा. शेजारच्यानं तोंड धुतलंय, पण भुवयांवर सुताची पांढरी पिंज तशीच आहे. मीठ मागतो तेसुद्धा ओरडून! दिवसभर मागावर काढला की हळू बोलायची सवयच मोडते. शेडमध्ये तर बोलणं ओठांवरून ओळखायचं. ताटात ज्वारीची भाकरी, वांग्याचा रस्सा, कांदा-लसूण चटणी. रस्सा पातळ, पण तिखटाला काटकसर नाही.

फळीवर ट्रान्झिस्टर आहे. खाली खिळ्याला रेडिओचं पोस्टाचं लायसन-बुक, दरवर्षीची तिकिटं चिकटवलेलं. आकाशवाणीचं मुंबई केंद्र गिरणी कामगारांसाठी ‘कामगार सभा’ लावतं म्हणे. लावो बापडं, माग चालू असताना कान मोकळे कुणाचे? या गावचा मागवाला रेडिओ ऐकतो तो घास तोंडात असताना.

सांगली केंद्रावर संध्याकाळच्या मराठी बातम्या लागतात. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं. आज शरद पवारांचा शपथविधी झाला. सांगली पलीकडच्या शिवेला, दादा म्हणजे घरचेच. सगळे एकदम बोलायला लागतात.

“दादा गेलं म्हणायचं!”

“अन् ह्यो गडी किती वर्साचा?”

“चाळिशीच्या आतला हाय, लेका.”

कोपऱ्यातल्या कानडी मुलखातल्या पोराला काहीच कळलेलं नाही. समोरचा त्याला शेडमधल्यासारखंच समजावतो: पंजा पालथा, मग उताणा. पोरगं मान डोलावतं.

“मावशी, आवाज वाढवा की जरा.”

मावशींचे दोन्ही हात पिठात. “वाढवायचा न्हाई. सेल फुकट मिळत न्हाईत. अन् ऐकत काय बसलासा? मागची पंगत दारात थांबलीया. भात घालू, का उठतासा?”

तुम्ही ताट पुढं करता.