चेटकिणीचे भाषांतर

भयकथेचा इतिहास आपल्याकडे बहुधा भुतांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चेटकिणीला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळत नाही. वस्तुतः या दोहोंत मूलगामी भेद आहे. भूत हे मेलेल्याचे असते, चेटकीण जिवंत असते. भुताची गोष्ट कितीही रंगवून सांगितली तरी तिच्यामुळे कोणाच्या घरावर दगड पडत नाहीत. चेटकिणीच्या गोष्टीचे तसे नाही. ती गोष्ट संपताच श्रोत्यांची नजर गावकुसाजवळच्या एखाद्या एकाकी विधवेकडे वळू शकते. हा भेद आपल्या भयकथेने कितपत ओळखला आहे, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. डाकीण आणि जखीण हे शब्द अनुक्रमे डाकिनी आणि यक्षिणी यांपासून आले. मूळच्या या देवकोटीतील किंवा उपदेवतांच्या परिवारातील स्त्रिया. लोकमानसात उतरताना त्यांचे देवपण गळाले आणि भय तेवढे उरले. हडळ ही मृत स्त्री. चेटकीण मात्र चेटूक जाणणारी, म्हणजे विद्या असणारी जिवंत बाई. नागर मराठीत हा शेवटचा शब्द आता पार निरुपद्रवी झाला आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण प्रथम दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ पासून वैभव मांगले यांनी रंगमंचावर उभी केली. तिला पाहून मुले खदखदून हसतात. ज्या समाजात मुले चेटकिणीला हसतात, त्या समाजातून तिचे भय गेले असे समजण्याचा मोह होतो.

भिलाईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाला हा मोह फार काळ बाळगता येत नाही. छत्तीसगडशी मराठीचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये रतनपुरावर आली आणि त्या राजवटीबरोबर मराठी माणूसही या मुलखात स्थिरावला. पुढे सोव्हिएत साहाय्याच्या १९५५ च्या कराराने पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या घरात चेटकीण हा बालनाट्यातील शब्द होता. भोवतालच्या खेड्यांत मात्र ‘टोनही’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली येत असे. श्रावणी अमावास्येला, हरेलीच्या दिवशी, टोनहीची बाधा होऊ नये म्हणून दारावर कडुनिंबाचे डहाळे लावतात आणि लोहार चौकटीत खिळा ठोकतो. पोलादाच्या नगरीभोवती हा छोटा लोखंडी खिळा अजून आपले काम करीत आहे.

या शब्दाने होणारे अत्याचार रोखण्यासाठी राज्याने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि तिचा छळ करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद त्यात आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे ते त्यातील व्याख्येकडे. टोनही म्हणजे जादू करणारी व्यक्ती असे कायदा म्हणत नाही. काळ्या जादूने वा वाईट नजरेने ही अपाय करील, असे जिच्याविषयी दुसरे कोणी सांगतात ती टोनही, असे तो म्हणतो. चेटकिणीचे सारे सत्य तिच्याकडे दाखवलेल्या बोटात आहे, हे एका रूक्ष विधिविषयक वाक्याने ओळखले. बिहारमध्ये १९९९ साली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जे कायदे झाले, त्यांचाही रोख बोट दाखवणाऱ्यावरच आहे. सातपुड्यातील नंदुरबारकडे ‘डाकीण’ हा शब्द निरुपद्रवी झालेला नाही, हे तेथील कार्यकर्ते जाणतात.

आता पश्चिमेकडे पाहू. शेक्सपिअरने ‘मॅक्बेथ’ लिहिले ते १६०६ च्या सुमारास. त्या वेळी गादीवर असलेल्या जेम्स राजाने स्वतः १५९७ मध्ये पिशाचविद्येवर ग्रंथ लिहिला होता, आणि १६०४ चा कायदा चेटूक करणाऱ्यांना देहदंड फर्मावीत होता. म्हणजे तेथे कायदा आणि नाटक दोघांचेही बोट एकाच दिशेला होते. १७३५ मध्ये तो कायदा रद्द झाला. चेटूक हा अपराध राहिला नाही, चेटकाचा बहाणा हा अपराध ठरला. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी चेटकीण करमणुकीच्या कथेत आली. तेथील आधुनिक भयकथा ही विझलेल्या चितेवर उभी आहे.

अनुवादकाची अडचण येथून सुरू होते. शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’पासून शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’पर्यंत ‘मॅक्बेथ’ मराठीत येत राहिले. पण कथा अनुवादिताना तिच्याभोवतीचा समाज अनुवादता येत नाही. स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेत एक मुलगा मरणासन्न आजीजवळ एकटा राहतो आणि ती चेटकीण असल्याचे त्याला कळते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी या कल्पनेवर ‘आजी’ ही कथा रचली, आणि तिचे ऋण राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात पोहोचले. धारपांचे सामर्थ्य कोणी नाकारू नये. वाड्यातील अंधारी खोली, घरातल्याच माणसाविषयी वाटणारी शंका, समर्थांसारखा तर्कनिष्ठ तरीही श्रद्धावान नायक, हे सारे त्यांनी मराठी मातीत रुजवले. पण त्या प्रवासात एक गोष्ट बदलली. मेन प्रांतातल्या म्हातारीकडे आज कोणी दगड घेऊन येत नाही. आपल्याकडची म्हातारी त्या बाबतीत इतकी सुरक्षित नाही. जिचे फिर्यादी केव्हाच मेले आहेत अशी चेटकीण, जेथे फिर्यादी अजून हयात आहेत अशा भाषेत आली.

याचा अर्थ चेटकिणीची कथा लिहूच नये असा नाही. भारतीय भाषांत हा प्रश्न ओळखणारे लेखक झाले आहेत. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या ‘डाइनी’ या बंगाली कथेतील वृद्धा लोकांचे ऐकत ऐकत स्वतःलाच चेटकीण मानू लागते. याहून भयंकर बाधा कोणती? महाश्वेतादेवींच्या ‘बायेन’मध्ये एका स्त्रीवर शिक्का बसतो आणि तिच्याच मुलाला तिच्यापासून तोडले जाते. हांसदा सोवेंद्र शेखर यांची इंग्रजी कादंबरी ‘द मिस्टीरियस एलमेंट ऑफ रूपी बास्के’ (२०१४) दुसऱ्या टोकाला उभी आहे: तिच्यातील संथाळ समाज डाहनीला खरी मानतो आणि लेखक त्या विश्वासाला बाहेरून हसत नाही. मराठीत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटाने उसाच्या फडातील भयाचे मूळ मुलींच्या हत्येत शोधले. कादंबरीकार अथवा कथाकार अजून त्याच्या मागेच आहे.

भयकथेचा करार असा असतो की वाचकाने अशक्याला क्षणभर शक्य मानावे. भुताच्या बाबतीत हा करार लेखक आणि वाचक यांच्यातच राहतो. चेटकिणीच्या बाबतीत त्यात न विचारता एक तिसरी व्यक्ती ओढली जाते, आणि ती वाचत नसते. कथेच्या अखेरीस आरोप खरा ठरला की वाचकाला तृप्ती मिळते. तीच तृप्ती गावच्या बैठकीत बैगाच्या शब्दाने मिळत असते. तेव्हा कथाकाराने कायद्याची भाषा बोलावी असे नव्हे, परंतु त्या व्याख्येत जो कथाविषय दडला आहे तो पाहावा. बोट प्रथम कोणी उचलले, त्याचा बैल केव्हा मेला, तिची जमीन कोणाच्या शेताला लागून होती, आणि बोट उचलल्यावर बाकीचे गप्प का राहिले? यांत अमानुष शक्ती असो वा नसो, भय पुरेसे आहे. मराठी भयकथेला अंधाऱ्या खोलीचे वर्णन उत्तम साधले आहे. त्या खोलीच्या दाराबाहेर जमलेल्या माणसांचे वर्णन तिला अद्याप करावयाचे आहे.