शिमिटाचे पत्रे

देगलूरात ‘ॲस्बेस्टॉस’ असं कुणी म्हणत नाही. म्हातारी माणसं ‘शिमिटाचे पत्रे’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘चारमिनार’. या दुसऱ्या नावातच आपल्या भागाचा अर्धा इतिहास आहे.

आपलं जुनं छप्पर म्हणजे माळवद. तुळया, त्यावर किलचण, वर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात गारेगार, पण दर मृगाआधी माती टाकून चोपायची, आणि तरीही पावसाळ्यात एखाद्या कोपऱ्यात पातेलं ठेवायचंच. लोखंडी पत्रा तापतो, गंजतो आणि पाऊस सुरू झाला की त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. अशा गावात न गंजणारा, न जळणारा, वाळवी न लागणारा पत्रा आल्यावर लोक भाळणारच की!

हा पत्रा मूळचा ऑस्ट्रियाचा. लुडविग हाचेक नावाच्या कारखानदाराने १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं. पाण्यात कालवलेल्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळायचे आणि कागद करतात तसे पातळ थर एकावर एक चढवायचे. नाव ठेवलं ‘एटर्निट’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चिरंतन. तंतूंच्या बाबतीत हे नाव फारच खरं ठरलं. ते फुफ्फुसात गेले की तिथे विरघळत नाहीत, आणि आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात.

ही गोष्ट नंतर कळली असं आपण समजतो. तसं नाही. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ ३३ व्या वर्षी वारली आणि तिच्या फुफ्फुसांबद्दल डॉक्टर कुक यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. १९३१ मध्ये तिथल्या सरकारने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियमही केले. ती जिथे काम करत होती ती गिरणी टर्नर अँड न्यूअल समूहाची. आणि १९३४ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरला ज्या ॲस्बेस्टॉस सिमेंट कंपनीचा कारखाना सुरू झाला, नंतर मुलुंडलाही, ती याच समूहाच्या गोतावळ्यातली. म्हणजे पत्रा आपल्याकडे आला तेव्हा धोका छापून झाला होता. तो छापील कागद तेवढा पत्र्यासोबत आला नाही.

देगलूरला पत्रा मुलुंडचा नाही, हैदराबादचा. १९४६ साली, निजामी असतानाच, तिथे हैदराबाद ॲस्बेस्टॉस सिमेंट प्रॉडक्ट्स कंपनी निघाली. तिचा छाप चारमिनार. आपलं सगळंच तेव्हा हैदराबादकडे तोंड करून होतं. कोर्ट, कापड, दवाखाना सगळं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, आपल्याच तालुक्यातली बिचकुंदा-जुक्कलकडची गावं आंध्रात गेली, पण बाजाराला सीमा कळत नाही. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, कितीतरी दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. त्यानंतर आमच्या गल्लीत ज्यांना स्लॅब परवडला नाही त्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. माणसं मातीच्या ओझ्याला भिऊन पत्र्याखाली गेली. त्यांना दोष कोण देणार?

आता घरचं. वाड्यामागच्या गॅरेजवर आजोबांनी जीप घेतली तेव्हाचे बावीस पत्रे आहेत. दादाला तिथे स्लॅब टाकायचाय आणि शेतावरच्या सालगड्याने ते पत्रे मागितलेत. फोनवर घरात दोन तट पडले. ‘वाया जाण्यापेक्षा गरिबाच्या कामी येतील’ हा एक. मी दुसऱ्या तटात. अखंड पत्रा छपरावर नुसता पडून असेल तर त्यातून फारसं काही निघत नाही, हे खरं. पण पन्नास वर्षं ऊनपाऊस खाल्लेला पत्रा ठोकून काढायचा, झोपडीच्या मापाने कापायचा, त्याला नवी भोकं पाडायची, आणि तुकडे झाले की पोरांनी त्याने जमिनीवर रेघोट्या ओढायच्या (आम्ही ओढायचो, खडूसारखा उमटतो). धूळ होते ती तेव्हा. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांना तपासलं तर ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला, असा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झालाय. कारखान्यातली धूळ आणि आपल्या अंगणातली धूळ यांची बरोबरी नाही. तरी जी वस्तू स्वतःच्या डोक्यावर नको ती दुसऱ्याला दान करणं मला पटत नाही.

मग टाकायचे कुठे? भंगारवाला लोखंडी पत्रा किलोवर नेतो, याला हात लावत नाही. एका कार्यालयात विचारलं तर ‘पायाच्या भरावात घाला’ असा सल्ला मिळाला. कायदा आहे, पण तो कारखान्याकडे बघून लिहिलेला. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस आहे, तोही ॲस्बेस्टॉसचा माल बनवण्याच्या सदराखाली. विल्हेवाट कशी लावावी याचं भारतीय मानकही आहे, आयएस ११७६८, १९८६ सालचं. असा कचरा शास्त्रशुद्ध पुरायच्या जागा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. सगळ्या देगलूरपासून शेकडो किलोमीटर. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा मूलभूत हक्क मानला, पण २०११ मध्ये बंदीची याचिका फेटाळली. त्यामुळे नवा पत्रा आजही दुकानात रीतसर मिळतो. २००६ मध्ये क्लेमेन्सो ही फ्रेंच युद्धनौका याच ॲस्बेस्टॉसपायी अलंगला यायची माघारी गेली. तेव्हा ती बातमी आपण याच पत्र्याखाली बसून वाचत होतो!

तेव्हा दादा, माझं म्हणणं असं. स्लॅबचं गॅरेज बाजूच्या मोकळ्या जागेत घे आणि जुन्यावर रंगाचे दोन हात मारून ते तसंच राहू दे. उतरवायचेच असतील तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचार, कुठल्या जागी आणि कुणाच्या गाडीतून न्यायचे ते. बावीस पत्र्यांसाठी वेगळा ट्रक परवडणार नाही, पण बिलोली-मुखेडकडच्या दोन-चार घरांचे मिळून जाऊ शकतात. उतरवताना पत्र्यावर कुणीही चढायचं नाही, पाय आरपार जातो. आधी पाण्याने भिजवायचे, हुकबोल्ट सोडवून अख्खे खाली घ्यायचे, हातोडा नाही, ग्राइंडर तर मुळीच नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची, वर नाव लिहायचं. तोंडाला रुमाल चालत नाही, निदान एन-९५ मास्क हवा. खालची जमीन कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कपडे झटकायचे नाहीत आणि वहिनीकडे धुवायला द्यायचे नाहीत.

आणि सालगड्याच्या घराला जितके लागतील तितके नवे लोखंडी पत्रे घेऊन दे. मापं काढून कळव, पैसे मी पाठवतो.