अ‍ॅम्प आणि अ‍ॅप: फरक अर्ध्या 'म'चा

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी मित्राचा फोन. "अरे, तीनशे डॉलरचा एक डबा बघितलाय. अ‍ॅम्प्लिफायर त्यातच, वायफाय त्यातच. स्पीकर जोडायचे, फोनवरून गाणं लावायचं, बस्स. भाऊ पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येतोय, तुझ्यासाठी पण मागवू का?" मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो.

खरं तर हा दोन मिनिटांचा निर्णय. पण आमच्या घरात अ‍ॅम्प्लिफायर हा विषय दोन मिनिटांत संपत नाही. बाबांनी ऐंशीच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला अ‍ॅम्प अजून हॉलमध्ये आहे. पत्र्याची पेटी, आत दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा ट्रान्सफॉर्मर. आजवर दोनदा कपॅसिटर बदलले, एकदा व्हॉल्यूम कंट्रोल. बाकी काही नाही. त्याच्या शेजारी मी मोठ्या हौसेने घेतलेला, वायफायवरून गाणी वाजवणारा एक डबा आहे. सहा वर्षांनी कंपनीची गोड शब्दांतली मेल आली, की अमुक तारखेपासून आमची सेवा बंद. त्या तारखेला डबा मुका झाला. आतला एकही भाग जळला नव्हता. सध्या तो पुस्तकांना टेकू म्हणून उत्तम काम करतो. :)

तेव्हा वीकांत वाचनात घालवला. प्रश्न एकच होता: स्वस्त अ‍ॅम्प 'चांगला' आहे हे लोकांनी आजवर ठरवलं कशावरून?

आधी टक्के

सुरुवात १९४७ पासून करू. त्या वर्षी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी घरी जोडता येईल अशा १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आराखडा छापला. त्याची विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली आणि अ‍ॅम्पने आपल्या पदरची घातलेली भेसळ, ०.१ टक्क्याच्या आत होती. हे जमलं ऋण-प्रतिपोषणामुळे, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकमुळे. ती कल्पना बेल लॅब्जच्या हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत सुचली आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावरच खरडून ठेवली. कल्पना साधी आहे. आमटी करताना मधूनमधून चव घेऊन आपण मीठ बेताचं करतो ना, तसंच. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा अंश परत आणायचा, आत आलेल्याशी ताडून बघायचा आणि चूक वजा करायची.

विल्यमसनचा आराखडा जगभरच्या हौशी लोकांनी घरी जोडला. त्यातला महागडा आणि अवघड भाग एकच: आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो नीट गुंडाळला नाही तर सगळं मुसळ केरात. पण मुद्दा असा की भेसळ ०.१ टक्क्याच्या आत आणायची कशी, हे १९४७ सालीच छापून आलं होतं. पुढे प्रश्न उरला तो फक्त हे स्वस्तात करण्याचा.

मग वॉट

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला आणि वॉट स्वस्त झाले. स्वस्त झालेली गोष्ट माणूस लगेच फुगवून सांगायला लागतो. जाहिरातींमध्ये क्षणभरासाठी मिळणारे 'पीक' वॉट झळकू लागले. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: दोन्ही चॅनल एकदम चालवून, सतत मिळणारी पॉवरच सांगायची, सोबत विकृतीचा आकडाही द्यायचा आणि मोजण्याआधी अ‍ॅम्प एक तास एक-तृतीयांश पॉवरवर तापवायचा. अनेक अ‍ॅम्पना तेवढ्यानेच घाम फुटला. हा नियम अजून जिवंत आहे, २०२४ मध्ये त्यात सुधारणाही झाली.

आपल्याकडे त्याच रोगाला 'पीएमपीओ' म्हणायचे. हॉस्टेलवरचे माझे कॉम्प्युटर स्पीकर १००० वॉट पीएमपीओचे होते. अ‍ॅडाप्टरवर मात्र लिहिलं होतं १२ व्होल्ट, १ अँपिअर. नववीचं भौतिकशास्त्र वापरलं तरी गुणाकार १२ वॉटच येतो. उरलेले ९८८ वॉट कुठून यायचे ते कंपनीच जाणे.

या वॉटच्या जत्रेत १९७८ साली एक राखाडी, अगदी कळकट दिसणारा अ‍ॅम्प आला: एनएडी ३०२०. बियर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याने आखलेला. पॉवर किती, तर चॅनलला २० वॉट. दुकानातल्या तक्त्यात हा तळाला असणार. पण तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या हाय-फाय अ‍ॅम्पपैकी एक ठरला.

कसं काय? तर प्रयोगशाळेत अ‍ॅम्प मोजतात ८ ओहमचा रेझिस्टर लावून. तो बिचारा सतत ८ ओहमच असतो. खरा स्पीकर तसा नसतो. '८ ओहम' लिहिलेला स्पीकर काही फ्रीक्वेन्सींना तीन-चार ओहमवर येतो आणि तेव्हा दुप्पट करंट मागतो. शिवाय खोलीत साध्या आवाजात ऐकताना सरासरी एक-दोन वॉटच लागतात, पण तबल्यावर थाप पडली की क्षणभरासाठी त्याच्या दहापट. एडवर्डसनने सततचे वॉट कमी ठेवले आणि पैसा त्या क्षणांसाठी राखला. मागणी आली की ३०२० काही क्षण दुपटीच्या आसपास पॉवर द्यायचा. छापील आकड्यासाठी अ‍ॅम्प न बनवता घरातल्या खऱ्या स्पीकरसाठी बनवला, इतकंच.

अजून एक गोष्ट. ३०२० च्या पाठीवर यू आकाराच्या धातूच्या दोन छोट्या जोडण्या होत्या. त्या उपसल्या की आतला प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प वेगळे होत. उद्या चांगला पॉवर अ‍ॅम्प घेतलात तर यातला अर्धा भाग वापरात ठेवा! आम्ही सॉफ्टवेअरवाले 'लूज कपलिंग'वर व्याख्यानं झोडतो. इथे ते स्वस्तातल्या अ‍ॅम्पच्या पाठीवर धातूच्या तुकड्यांनी करून ठेवलं होतं.

बातमी न कळलेली चिप

पुढचा टप्पा क्लास डी. जुन्या अ‍ॅम्पमधले ट्रान्झिस्टर नळासारखे, कमी-जास्त उघडतात आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. क्लास डीमधले स्विचसारखे: एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. नंतर एक फिल्टर त्यातून संगीत गाळून घेतो. उष्णता थोडी, म्हणून हीटसिंक छोटा, म्हणून पेटी छोटी, म्हणून किंमत कमी.

आद्य त्रिपाठी यांनी कॅलिफोर्नियात १९९५ साली स्थापन केलेल्या ट्रायपॅथ कंपनीची टीए२०२० ही अशीच चिप. तिची बहीण टीए२०२४ वापरून सॉनिक इम्पॅक्टने 'टी-अ‍ॅम्प' नावाचं प्लॅस्टिकचं खेळणं काढलं. आठ पेन्सिल सेलवर चालणारं, चाळीस डॉलरच्या आत मिळणारं. स्वच्छ वॉट जेमतेम पाच-सहा. २००५ च्या सुमारास हाय-फायवाल्यांनी कुतूहलाने ते आपल्या महागड्या स्पीकरना जोडलं आणि चाटच पडले. २००९ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम'ने जगाला हादरवणाऱ्या २५ मायक्रोचिपच्या यादीत टीए२०२० ला जागा दिली.

तोवर ट्रायपॅथ कंपनी मात्र बुडाली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि तरीही घरोघरचे टी-अ‍ॅम्प वाजतच राहिले. आपली कंपनी बुडाली ही बातमी चिपला कळायचा काही मार्गच नव्हता!

हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी. इथून पुढे गोष्ट बदलते.

शेवटी वर्षं

जानेवारी २००५ मध्ये सोनोसचा पहिला संच बाजारात आला. त्यातला झेडपी १०० म्हणजे आजच्या स्ट्रीमिंग अ‍ॅम्पचा आजोबाच: चॅनलला ५० वॉट, ४९९ डॉलर. पुढच्या बाजूला व्हॉल्यूम आणि म्यूट, एवढीच बटणं. बाकी सगळं सॉफ्टवेअरमधून. तेव्हा ते किती देखणं वाटलं असेल!

ऑक्टोबर २०१९ मध्ये सोनोसने योजना आणली: जुनं यंत्र 'रीसायकल मोड'मध्ये टाका आणि नव्यावर ३० टक्के सूट घ्या. अट अशी की २१ दिवसांनी ते जुनं, चालू स्थितीतलं यंत्र कायमचं निकामी. जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की सर्वांत जुन्या उपकरणांना मे महिन्यानंतर नवे अपडेट नाहीत. गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, रीसायकल मोड मार्चमध्ये मागे घेतला आणि जुन्यांसाठी वेगळं अ‍ॅप ठेवलं. मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आलं, त्यात नेहमीच्या वापरातल्या कितीतरी सोयी गायब. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. या सगळ्यात कुणाच्याही घरातला अ‍ॅम्प बिघडला नव्हता. बिघडलं होतं अ‍ॅप. फरक अर्ध्या 'म'चा.

अर्थात न्याय करायचा तर दोन्ही बाजूंनी. २००५ ते २०२० म्हणजे पंधरा वर्षं अपडेट मिळाले. ४९९ भागिले १५, वर्षाला साधारण ३३ डॉलर. हा काही वाईट सौदा नाही.

आता दुसरं उदाहरण. स्लिम डिव्हायसेसचा स्क्वीझबॉक्स, २००३ चा. लॉजिटेकने २००६ मध्ये कंपनी घेतली, २०१२ मध्ये उत्पादन थांबवलं आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यांचा ऑनलाइन सर्व्हरही बंद केला. म्हणजे गोष्ट संपायला हवी. पण गाणी पुरवणारं मूळ सॉफ्टवेअर पहिल्यापासून मुक्तस्रोत होतं, पर्लमध्ये लिहिलेलं, घरच्या कॉम्प्युटरवर चालणारं. लोकांनी ते सांभाळलं. आज ते 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने चालू आहे आणि जुने स्क्वीझबॉक्स वाजताहेत.

आणि तिसरं, माझं सर्वांत लाडकं. गूगलने २०१५ साली काढलेला ३५ डॉलरचा क्रोमकास्ट ऑडिओ. उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण डबे वाजत होते. मार्च २०२५ मध्ये एके दिवशी एकदम बंद! कारण? दहा वर्षांपूर्वीच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हा मोठेपणा. पण विचार करा, अ‍ॅम्पच्या इतिहासात आधी कधी असं घडलं होतं का, की यंत्र शाबूत, वीज शाबूत, आणि केवळ तारीख उलटली म्हणून आवाज बंद?

तर मग तो डबा?

मित्राचा डबा म्हणजे २०२३ चा वीम अ‍ॅम्प. २९९ डॉलर, ८ ओहमला ६० वॉट, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही क्लास डी चिप. विकृती, वॉट वगैरे बाबतीत, विल्यमसनला हेवा वाटेल. आवाजाचा प्रश्न या किमतीत बऱ्याच अंशी सुटलाय, त्यामुळे परीक्षणांत दशांशाच्या पुढे घासाघीस करण्यात अर्थ नाही. आता किमतीला भागायचं ते वर्षांनी. दहा वर्षं चालला तर वर्षाला ३० डॉलर, चारच चालला तर ७५. आणि ती वर्षं ठरवणार माझ्यासारखा कुणीतरी.

इथे एक कबुली देतो. सुरुवातीला ज्या मेलचा उल्लेख केला ना, तशी मेल मी स्वतः लिहिली आहे. गाण्यांशी संबंध नाही, दुसरंच उपकरण. मीटिंगमध्ये तक्ता दाखवला: वापरणारे इतके कमी, सर्व्हरचा खर्च इतका जास्त. पाच मिनिटांत निर्णय झाला आणि मसुदा मी केला. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' हे वाक्यही माझंच. शेवटचा एक अपडेट देऊन निदान मूळ काम सर्व्हरशिवाय चालू ठेवू, असं त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. तो तक्ता चुकीचा नव्हता, पण त्यात बाबांच्या अ‍ॅम्पसारख्या वस्तूंसाठी रकानाच नव्हता.

असो. रविवारी संध्याकाळी मित्राला लिहिलं: तुझ्याकडे काहीच नाही, तेव्हा तू घे. मागे अ‍ॅनालॉग आणि ऑप्टिकल इनपुट आहेत, पुढे व्हॉल्यूमचं बटण आहे. म्हणजे उद्या अ‍ॅप गेलं तरी अ‍ॅम्प म्हणून उरायची शक्यता चांगली. फक्त पहिल्याच दिवशी राउटर बंद कर, लाइन-इनला काहीतरी जोड आणि वाजतंय का बघ. नाही वाजलं तर भाऊ परत जाताना डबा त्याच्याच बॅगेत.

माझ्यासाठी मात्र नुसता स्ट्रीमर आण, अ‍ॅम्पशिवायचा. तो बाबांच्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला लावतो. पाच-सहा वर्षांनी मेल येईल तेव्हा तेवढाच बदलेन. पुस्तकांच्या दुसऱ्या बाजूलाही टेकू लागणारच आहे.