कोटणीसांचा सोबती आणि सिल्वासातली मुलं

माझं माहेर सोलापूर, त्यामुळे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मी शाळेत जाण्याआधीच घरी ऐकलं होतं. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. 1942 मध्ये ते तिकडेच वारले आणि 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. लग्नानंतर मी सिल्वासात आले आणि पुढे कॉलेजच्या मुलांना डोकेदुखीवर दाबायच्या ज्या जागा दाखवू लागले, त्यांची भारतातली वाट बसूंपाशीच जाऊन पोचते.

बसू 1958 साली पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर (याच जागांवर सुया टोचायची विद्या) शिकले आणि 1959 पासून कलकत्त्यात ते उपचार करू लागले. इकडे सिल्वासातून 2 ऑगस्ट 1954 रोजीच पोर्तुगीज अंमल उठला होता. सुधीर फडके, राजा वाकणकर अशी मराठी माणसं त्या लढ्यात होती. पण 11 ऑगस्ट 1961 पर्यंत कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता आणि पोर्तुगालने भारताविरुद्ध केलेला दावा हेगच्या न्यायालयात 1960 पर्यंत चालला. कलकत्त्यात ही विद्या रुजत होती, तेव्हा हा मुलूख कायद्याने भारतात आलाही नव्हता!

अंगठ्याने डोकं चेपायला मात्र कुणाची वाट पाहावी लागली नाही. सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा, डोक्याला फडकं करकचून बांधायचं, मग घरातल्या थोरल्या बाईने कानशिलं चेपायची, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चिनी वैद्यांनी त्या दाबण्याला नेमक्या जागा दिल्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली मांसल जागा डोकेदुखीसाठी. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध, धडधड आणि घाबरेपणासाठी. दुकानांत तळपायाचे रंगीत तक्ते मिळतात, त्यांचा उगम वेगळा आहे. अमेरिकेतले कान-नाक-घसा डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांचं 1917 चं पुस्तक आणि पुढे युनिस इंगहॅम यांचं काम, तिथून ते आले. दोन्हींची सरमिसळ करून शिकवणं मला पटत नाही.

2019 मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून होऊ घातलेले डॉक्टरही येऊन बसतात. ते पुरावा मागतात आणि मागायलाच हवा. मनगटाच्या जागेचा सर्वांत भक्कम अभ्यास शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर झालाय. ताणाची डोकेदुखी आणि परीक्षेची भीती यांवर लहान-लहान चाचण्या आहेत. त्यांत आराम दिसतो, पण ठाम बोलावं इतका नाही. मी त्यांना तसंच सांगते. खानवेलहून येजा करणारी मुलगी जेवलीच नसेल, तर आधी तिला जेवायला बसवते. गरोदर बाईच्या हाताची ती मांसल जागा दाबत नाही. आणि डोकं अचानक फुटल्यासारखं दुखू लागलं, तापात मान ताठली किंवा नजर अंधुक झाली, तर अंगठा लावायचाच नाही, तडक विनोबा भावे रुग्णालय गाठायचं, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून वदवून घेते.